सिंपथी, एम्पथी, अ‍ॅपथी, पॅथेटिक... हे 'पॅथ'चे शब्द डोक्यात बसवायचे कसे?

माळावरची विचारते :

नमस्कार. मी जीएनएम नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत सगळं शिक्षण मराठीतून, परांडा तालुक्यातल्या गावात. पहिल्या वर्षी हाडांची, स्नायूंची नावं पाठ झाली, कारण चार्टवर बोट ठेवता येत होतं. फीमर म्हणजे हे मांडीचं हाड, विषय संपला. यंदा मेंटल हेल्थ नर्सिंग आहे. मनातल्या गोष्टींवर बोट कुठे ठेवणार?

झालं असं. मेडिसिन वॉर्डला पोस्टिंग होतं. माझ्याकडे एक आजी होत्या, शुगरमुळे तळपायाला जखम झालेल्या. त्यांचे मालक, म्हणजे आजोबा, तीन दिवस खाटेशेजारच्या स्टुलावरून हलले नव्हते. ड्रेसिंग करताना आजींना पायाचं काही कळायचंच नाही, त्या पंख्याकडे बघत पडून असायच्या. 'स्स' असा आवाज यायचा तो आजोबांच्या तोंडून. मला ते केअर प्लॅनमध्ये लिहायचं होतं. 'सिंपथेटिक' म्हणजे सहानुभूती असलेला हे माहीत होतं. 'पॅथेटिक' हे त्याचंच सुटसुटीत रूप असणार असं धरून मी लिहिलं, 'हजबंड इज व्हेरी पॅथेटिक.'

राउंडला ट्यूटर मॅडमनी ते मोठ्याने वाचलं. सगळ्या हसल्या. मग मॅडमनी अर्थ सांगितला : केविलवाणा, कीव यावी असा, अगदीच टाकाऊ. मुली हसल्या त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. पण आजोबा तिथेच बसले होते. त्यांना इंग्रजी येत नाही. सगळ्या हसताहेत म्हणून माझ्याकडे बघून तेही हसले. ते हसणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

रूममेट म्हणाली, 'पॅथ' म्हणजे ग्रीकमध्ये भावना, तेवढं धरून चाल. म्हणून वही काढून बसले. सिंपथी, एम्पथी, अ‍ॅपथी, अँटिपथी, टेलिपथी इथपर्यंत ठीक आहे. मग न्यूरोपथी? आजींच्या केसपेपरवर 'डायबेटिक न्यूरोपथी' लिहिलंय, म्हणजे नसांची भावना? त्यांच्या पायाला तर भावनाच उरलेली नाही! पॅथॉलॉजीत रक्त-लघवी तपासतात, तिथे कसली भावना? होमिओपथी? आणि फूटपाथ?

मला खरंच समजून घ्यायचंय. मुळावरून शब्द शिकणं चालतं का, की गुपचूप पाठ करावं?

---

रोज दहा :

ताई, मी चार वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या, त्या अनुभवावरून सांगतो. मुळांच्या मागे लागू नका. कार्डं करा. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ आणि स्वतः केलेलं एक वाक्य. रोज दहा नवी, आदल्या दिवशीची दहा परत, आठवड्याने सगळी परत. जे चुकतं ते कार्ड वर, जे येतं ते खाली. मेसच्या रांगेत उभं राहूनसुद्धा होतं. मूळ कळलं म्हणून अर्थ कळेलच याची खात्री नसते, तुमच्या 'पॅथेटिक'नेच ते दाखवून दिलं.

---

मिरजेचे मास्तर :

बाळ, तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. ३४ वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. तुझ्यासारखी चूक करणारं मूल वर्गात असलं की मला बरं वाटायचं, कारण अशी चूक विचार केल्याशिवाय होत नाही. 'सिंपथेटिक'मधलं पुढचं अक्षर काढलं तर मागे काय राहतं, हे तू स्वतःशी मांडून पाहिलंस. तुझी मांडणी बरोबर होती. त्या शब्दाने मधे वाट बदलली होती आणि ते तुला कोणी सांगितलं नव्हतं. वर कार्डांचं सुचवलंय ते जरूर कर, वाक्य स्वतः करायचं हे तर फारच चांगलं. पण कार्डावर मूळही लिही. का ते सांगतो.

'पाथोस' म्हणजे भावना हे अर्धंच झालं. ग्रीकमध्ये 'पास्खेइन' असं क्रियापद आहे. आपल्यावर जे येतं ते सोसणं, त्यातून जाणं, असा त्याचा अर्थ. त्यावरून पाथोस. मला याला मराठीत एकच शब्द नेमका वाटतो : भोग. 'काय सांगू बाई माझे भोग' असं म्हणणारी बाई त्यात गुडघेदुखी सांगते, सुनेचं बोलणं सांगते आणि गेलेला मुलगाही सांगते. सगळं एकाच शब्दात मावतं. पाथोस तसाच. भोग मनाच्या वाट्याला आला की ती भावना, शरीराच्या वाट्याला आला की तो रोग. आता तुझ्या वहीतले दोन ढीग एकत्र येतात का बघ. न्यूरोपथी म्हणजे नसांच्या वाट्याला आलेला भोग. नेफ्रोपथी मूत्रपिंडाच्या, रेटिनोपथी डोळ्याच्या पडद्याच्या. शुगरच्या पेशंटच्या कागदावर हे तिन्ही शब्द तुला भेटतील. पॅथॉलॉजी म्हणजे या भोगांचा अभ्यास, म्हणून रक्त-लघवी तिथे जाते. होमिओपथी हा शब्द सॅम्युएल हानेमान या जर्मन डॉक्टरने केला. 'होमोइओस' म्हणजे सारखा. ज्या द्रव्याने तसाच भोग उत्पन्न होतो त्यानेच तो शमवायचा, असं त्याचं म्हणणं. त्याच्या विरुद्ध पद्धतीला अ‍ॅलोपथी हे नाव देणाराही तोच. 'आलोस' म्हणजे वेगळा.

फूटपाथमधला 'पाथ' यातला नाही. तो जुना जर्मानिक कुळातला शब्द, अर्थ वाट एवढाच. रोमन लिपीत दोघांची अक्षरं सारखी पडली इतकंच. त्याला वहीतून काढून टाक.

आता 'पॅथेटिक'. मुळात त्याचा अर्थ 'मन हलवून सोडणारा' असा होता, त्यात वाईट काही नव्हतं. पण दिशा लक्षात घे. ज्याचं मन हलतं तो पॅथेटिक नव्हे. ज्याला बघून दुसऱ्याचं हलतं तो. पुढे मन हलण्याची जागा कीव येण्याने घेतली आणि कीव करता करता माणसं तुच्छ लेखायला लागली. आज बोलीत तो जवळजवळ शिवीसारखा वापरतात. शब्द उतरणीला लागतात ते असे.

यापुढचं तुला नवं नाही. नववी-दहावीत उपसर्गघटित शब्द केले असशील. अन्याय, अज्ञान इथे नुसता 'अ' लागतो. पण अनादर, अनिच्छा, अनुचित इथे 'अन्' लागतो. का? पुढे स्वर आला म्हणून. ग्रीकमध्ये हाच नियम आहे, तंतोतंत. पाथोसपुढे 'अ', म्हणून अ‍ॅपथी. पण लघवीला 'ऊरोन', पुढे स्वर, म्हणून अन्यूरिया : लघवी न होणं. 'ओरेक्सिस' म्हणजे भूक, म्हणून अ‍ॅनोरेक्सिया. 'आल्गोस' म्हणजे वेदना, म्हणून अ‍ॅनाल्जेसिक : वेदना घालवणारं. 'आइस्थेसिस' म्हणजे जाणवणं, म्हणून अ‍ॅनेस्थेशिया. ऑक्टोबर १८४६ मध्ये बॉस्टनला ईथर देऊन शस्त्रक्रिया करून दाखवली, त्यानंतर थोड्याच दिवसांत हा शब्द सुचवला गेला. आपण त्याला 'भूल' म्हणतो, तोही फार गोड शब्द आहे. त्याच आइस्थेसिसवरून पॅरेस्थेशिया : हातापायाला मुंग्या येणं. 'अ' आणि 'अन्' या बाबतीत ग्रीक आणि संस्कृत खरोखर एका घरातले आहेत. संस्कृत शिकलेले इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याला हे नातं जाहीरपणे मांडलं, तेव्हापासून लोक त्याचा अभ्यास करताहेत. एक भाषा दुसरीतून निघाली असं मात्र समजू नकोस, दोन्ही एकाच जुन्या भाषेच्या लेकी आहेत.

'सिन्' म्हणजे एकत्र, बरोबर. आपण 'संपत्ती' म्हणताना अनुस्वाराचा उच्चार म् होतो आणि 'संताप' म्हणताना न् होतो, पुढचं अक्षर बघून. 'सिन्' तसंच वागतं. सिन्ड्रोममध्ये न्, सिम्प्टममध्ये म्, सिम्पथीमध्ये म्. 'सम्' आणि 'सिन्' एकाच मुळाचे आहेत असं मी म्हणत नाही, चाल सारखी आहे म्हणतो. पण होमिओपथीतला 'होमो' आणि आपला 'सम' हे खरे सख्खे आहेत. 'समः समं शमयति' असं होमिओपथीवाले म्हणतात ना, त्यातला सम.

आता सिंपथी. इथे मला आमच्या गावाचं थोडं सांगू दे. मिरजेत सतारी आणि तंबोरे करणारी घराणी पिढ्यान् पिढ्या आहेत, २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. शाळा सुटली की मी त्या गल्लीत दुकानाच्या पायरीवर बसून राहायचो. सतारीत वरच्या मुख्य तारांखाली बारीक तारांची एक ओळ असते, तरफेच्या तारा. त्या सहसा कोणी छेडत नाही. वर सूर लागला की खाली त्याच सुरात मिळवलेली तार आपोआप बोलते. कारागिरांनी एकदा मला तिच्यावर कागदाचा बारीक कपटा ठेवून दाखवला होता. हात वरच्या तारेला, उडाला खालचा कपटा. खूप वर्षांनी एका इंग्रजी पुस्तकात त्या तारांचं इंग्रजी नाव वाचलं : सिंपथेटिक स्ट्रिंग्ज. मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो.

तू लिहिलंस ना, ड्रेसिंग आजींचं आणि 'स्स' आजोबांचं? तोच तो कपटा. आजोबा सिंपथेटिक होते. तुझी नजर अगदी बरोबर पडली होती, बाळ.

आपला 'अनुकंपा' शब्द याच्या फार जवळ आहे. अनु म्हणजे मागोमाग, कंप म्हणजे थरथर. दुसरा थरथरला की आपण थरथरायचं. 'अनुकंपा तत्त्वावर नोकरी' हे इतक्या वेळा कागदावर वाचलंय की त्यातली थरथर आपल्याला ऐकूच येत नाही. तुमच्या शरीरशास्त्रात सिंपथेटिक नर्व्हस सिस्टिम आहे, तिला मराठी पाठ्यपुस्तकात 'अनुकंपी चेतासंस्था' म्हणतात. एका अवयवाला काही झालं की दुसरा त्याला साथ देतो, या जुन्या कल्पनेवरून ते नाव पडलं.

एम्पथी हा शब्द ऐकायला जुना वाटतो, पण इंग्रजीत तो १९०९ चा. एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञाने 'आइनफ्यूलुंग' या जर्मन शब्दासाठी तो ग्रीक तुकडे जोडून घडवला. 'एन्' म्हणजे आत. जर्मनीत ती कल्पना आधी चित्रं आणि इमारती बघण्याच्या संदर्भात आली होती : खांबाकडे बघताना त्याच्यावरचं ओझं आपल्याला जाणवतं, ते आत शिरून जाणवणं. माणसांसाठी हा शब्द सर्रास वापरात आला तो नंतर. सिंपथीत मी तुझ्या शेजारी थरथरतो. एम्पथीत तुझ्या जागी जाऊन बघतो. मराठीत समानुभूती म्हणतात.

आणि अ‍ॅपथी. ग्रीसमधले स्टोइक तत्त्वज्ञ 'अपाथेइया' मिळवण्यासाठी आयुष्यभर साधना करायचे. भोग आले तरी मन डळमळू नये, आपल्या स्थितप्रज्ञासारखं. आज तोच शब्द तुमच्या वॉर्डात लक्षण म्हणून लिहिला जातो : कशातच मन नाही, कशाचंच काही वाटत नाही. दोन हजार वर्षांत साधनेचं लक्षण झालं, हे मला फार हळहळायला लावतं.

अँटिपथी, टेलिपथी तुझी तूच सोडव. टेलिपथी १८८२ ची आहे, 'टेले' म्हणजे दूर.

---

रात्रपाळी :

अगं, मी १९ वर्षं नर्सिंगमध्ये आहे, त्यातली निम्मी मनोविकार वॉर्डात. मास्तरांचं वाचून मलाही माझी जुनी वही आठवली. पण वॉर्डातल्या चार गोष्टी सांगते, कारण मुळावर डोळे झाकून गेलं तर पाय घसरतो.

'फोबोस' म्हणजे भीती, हे तुला शिकवतील. मग फोटोफोबिया म्हणजे उजेडाची भीती असं तू लिहिशील. ती भीती नसते. मायग्रेन किंवा मेनिंजायटिसच्या पेशंटला उजेड सहन होत नाही, डोळ्यांना आणि डोक्याला त्रास होतो. खिडकीचा पडदा ओढायचा, धीर देत बसायचं नाही. रेबीजमधला हायड्रोफोबिया तर विसरता येत नाही. पाणी गिळायला गेलं की घशाचे स्नायू आवळून येतात, पुढे नुसतं पाणी दिसलं तरी तसं होतं. मी एकदाच पाहिलंय. त्याला कोळी-झुरळाच्या भीतीच्या रांगेत बसवू नकोस.

'फिलिया' म्हणजे प्रेम, ओढ. पण हिमोफिलियात रक्तावर कोणाचं प्रेम नसतं, रक्त गोठत नाही म्हणून वाहत राहतं. उलट रोजच्या सीबीसी रिपोर्टवर, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या कागदावर बघ, इओसिनोफिल लिहिलेलं असतं. इओसिन नावाचा गुलाबी रंग धरून ठेवणारी पेशी. रंगाचं प्रेम, इथे मूळ चपखल बसतं. (इओसिनमधली 'एओस' ही ग्रीकांची पहाटेची देवी, आपल्या उषेची सख्खी बहीण. हे मला एका पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनी स्लाइड दाखवताना सांगितलं होतं. तो गुलाबी रंग खरंच पहाटेसारखा असतो.)

'दुस्' आणि 'डिस्' हे तर इतके सारखे आहेत की पाठ करावंच लागत नाही. दुर्दशा, दुष्काळ, तसं डिस्प्निया : श्वासाला त्रास, डिस्यूरिया : लघवीला त्रास. फक्त डिस्फेजिया आणि डिस्फेझिया यात गफलत करू नकोस. पहिल्यात गिळता येत नाही, दुसऱ्यात बोलण्याची भाषा बिघडते. एका अक्षराने पेशंटला तोंडाने खायला द्यायचं की नाही हे ठरतं. युफोरिया हा शब्दही आपल्याच घरातला. 'एउ' म्हणजे चांगलं, 'फेरेइन' म्हणजे वाहणं, सोसणं. जुने डॉक्टर आजारातही पेशंटला बरं वाटतंय अशा अर्थाने तो लिहायचे. आज आपण तो कारणाशिवाय आभाळाला हात लागलेल्या मनःस्थितीसाठी लिहितो.

आता तुझ्या केअर प्लॅनचं. 'सिंपथेटिक' लिहिलं असतंस तरी मी तुला ते खोडायला लावलं असतं. नर्सिंग नोट्समध्ये माणूस कसा आहे हे लिहायचं नसतं, काय दिसलं ते लिहायचं. नवरा तीन दिवस शेजारी आहे, ड्रेसिंगच्या वेळी हजर असतो, जेवण भरवतो. बस. दुसऱ्या पाळीतली नर्स ते वाचून ओळखते की घरी गेल्यावर पाय रोज तपासायला कोणाला शिकवायचं. मनोविकार वॉर्डात तर हे फारच जप. 'अ‍ॅपथेटिक' असं एका शब्दात लिहून मोकळं होणं सोपं असतं. पण एका बाईबद्दल मी स्वतः तसं लिहिलं होतं आणि चौथ्या दिवशी कळलं की त्यांना कानाने नीट ऐकूच येत नव्हतं. तेव्हापासून मी लिहिते : हाक मारल्यावर मान वळवत नाही, जेवणाचं ताट सरकवते, मुलगी आली तरी चेहरा बदलत नाही. शब्द डॉक्टर लावतील.

तरी शब्द शीक. शब्द माहीत असला की नजर तिकडे जाते.

---

दर्यावर्दी :

मी बोटीवर सेकंड इंजिनिअर आहे, मालक ग्रीक, त्यामुळे पिरेअस बंदरात आणि ग्रीक माणसांत बरीच वर्षं गेली. मूळचा मालवणकडचा. हा धागा बोटीवर वाचला आणि लिहिल्यावाचून राहवेना.

माळावरच्या ताई, आजच्या ग्रीक माणसाशी बोलताना हे शब्द जपून. आमच्या चीफसाहेबांना मी एकदा कौतुकाने म्हणालो, तुमच्यात पोरांबद्दल एम्पथी आहे. इंग्रजीत म्हणालो, पण त्यांच्या कानाला तो आपला शब्द वाटला आणि त्यांचा चेहराच पडला. आजच्या ग्रीकमध्ये 'एम्पाथिया' म्हणजे आकस, मनात धरलेला द्वेष! मला ते माहीत नव्हतं. मी जीव तोडून समजावलं तेव्हा त्यांनी मला त्यांचा शब्द सांगितला : 'एन्सिनेस्थिसी'. मी तो डायरीत लिहून ठेवला होता, अर्थ फोडून कधी पाहिला नव्हता. आज मास्तरांनी अ‍ॅनेस्थेशिया उलगडून दाखवला तेव्हा डोक्यात उजेड पडला : एन्, सिन् आणि आइस्थेसिस. आत, बरोबर, जाणवणं. तिन्ही तुकडे या धाग्यात आधीच येऊन गेलेत.

'सिंपाथो' म्हणजे त्यांच्याकडे 'मला आवडतो, माणूस बरा आहे'. 'सिंपाथितिकोस' म्हटलं तर आवडण्याजोगा. सहानुभूतीचा त्यात संबंध नसतो.

एकदा ताप आला म्हणून पिरेअसला दवाखान्यात पाठवलं. दारावर पाटी 'पाथोलोगोस'. मला वाटलं मला लॅबमध्ये आणलंय, रक्त घेतील आणि सोडतील. आत चांगले वयस्क डॉक्टर, जीभ बघितली, छाती ऐकली, औषध दिलं. तिथे पाथोलोगोस म्हणजे आपले फिजिशियन. भोगांचा जाणकार, मास्तरांच्या भाषेत.

एक शब्द माझ्याकडून घ्या, आम्हा बोटीवाल्यांचा. नॉस्टॅल्जिया. 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणं, 'आल्गोस' मास्तरांनी सांगितलंच, वेदना. ग्रीक तुकडे असले तरी शब्द ग्रीकांचा नाही. योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझेलला प्रबंधात तो घडवला, परमुलखात राहिलेल्या आणि घराच्या ओढीने आजारी पडलेल्या स्विस माणसांसाठी. आज लोक जुनी गाणी ऐकली की तो शब्द वापरतात. मला तो आजाराचं नाव म्हणूनच पटतो. सातव्या महिन्यात बोटीवर माणूस जेवत नाही, झोपत नाही, फोन लागला तरी बोलत नाही. ताईंच्या पुस्तकात त्याला आता काय म्हणतात माहीत नाही. घरी जायचं तिकीट हातात पडलं की दोन दिवसांत तो जेवायला लागतो.

---

माळावरची :

मास्तर, ताई, दादा, 'रोज दहा' दादा, सगळ्यांचं वाचलं. रात्री दोनपर्यंत वहीत लिहीत बसले होते. रूममेटनेही उतरवून घेतलं.

कार्डं केली. पहिल्या कार्डावर 'पाथोस : भोग' एवढंच लिहिलंय. दुसऱ्यावर अ आणि अन्. त्यावर माझे मीच आणखी शोधले : अ‍ॅनिमिया जमतोय असं वाटलं, पण 'हाइमा' म्हणजे रक्त, म्हणजे पुढे ह येतो, मग 'अन्' कसं लागलं? मास्तर, तो ह मधे गळतो का? सांगाल का सवडीने. आणि अरिदमियाच्या (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) स्पेलिंगमध्ये आर दोनदा का, तेही.

माझ्या आईला फोनवर अनुकंपाचा अर्थ सांगितला. वडील गेल्यावर आईला त्यांच्या जागी शाळेत शिपायाची नोकरी लागली, अनुकंपावर. ती म्हणाली, मला वाटायचं तो कायद्यातला शब्द आहे. थोडा वेळ बोलली नाही.

केअर प्लॅन मी पुन्हा लिहिला, ताईंनी सांगितलं तसा. 'हजबंड प्रेझेंट अ‍ॅट ऑल ड्रेसिंग्ज. फीड्स हर. स्लीप्स ऑन द फ्लोअर बिसाइड द बेड.' मॅडमनी वाचून सही केली, काही बोलल्या नाहीत.

काल आजींची पायाची तपासणी होती, मोनोफिलामेंटची. नायलॉनचा जाड केसासारखा तंतू असतो, दहा ग्रॅमचा, तो तळव्यावर ठिकठिकाणी टेकवायचा. पेशंटने डोळे मिटायचे आणि कळलं की 'हो' म्हणायचं. मॅडमनी मला करायला दिलं. अंगठ्याखाली टेकवला, आजी गप्प. करंगळीखाली, गप्प. टाचेच्या जरा पुढे, गप्प. आजोबा स्टुलावर पुढे वाकून तळव्याकडे बघत होते आणि मी तंतू टेकवला की दर वेळी हळूच 'हं' म्हणत होते. मॅडम म्हणाल्या, बाबा, तुम्ही जरा तिकडे तोंड करून बसा.